तेल कोठें गेलें?

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ ही काळीपिवळी टॅक्सी कायद्यानें नाहींशी झाली. तिच्या जातींतल्या शेवटच्या टॅक्सीची नोंद 29 ऑक्टोबर 2003 रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत झालेली होती, आणि मुंबईंत टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची वयोमर्यादा आतां पुरी झाली होती. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळवा मजकूर लिहून आला. कोणाला लहानपणची पहिली सफर आठवली, कोणाला स्टिअरिंगच्या बगलेंतला गिअरचा दांडा आठवला. मला आठवण झाली ती एका मनुष्याची, आणि त्याच्यावर मीं केलेल्या एका अन्यायाची. तो अन्याय मीं तोंडानें एक अक्षरहि न उच्चारतां केला होता, आणि त्यास निमित्त झालें होतें मोटारीच्या इंजिनांतलें तेल.

त्याच पिढींतली एक गाडी आमच्या घरीं होती. तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण जो दोष पुढें सांपडला तो तिच्या कुळाचा नव्हता, वयाचा होता. 1986 सालीं घेतलेली, चार सिलिंडरांची, कार्ब्युरेटरवर चालणारी ती साधी गाडी 2004 सालीं अठरा वर्षांची झाली होती. मी तेव्हां पुण्याच्या एका महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवीत होतों. ही गोष्ट मुद्दाम सांगतों. कारण पुढें माझी जी फजिती झाली ती तर्कशास्त्र न शिकलेल्या मनुष्याची झाली असती, तर तिच्याविषयीं लिहिण्याजोगें फारसें कांहीं नव्हतें. आठवड्याचे सहा दिवस गाडी मी स्वतः चालवीत असें: घर ते कॉलेज, कॉलेज ते मंडई, फार तर डेक्कनपर्यंत. माझी आई त्या वेळीं चिपळुणास राहत असे. तिला महिन्या-दीड महिन्यानें तपासणीसाठीं पुण्यास आणावें लागे व परत पोंचवावें लागे. घाटांत गाडी चालविण्याचा माझा हात नव्हता, म्हणून त्या कामीं एक गृहस्थ येत. मुलें त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत; मीहि येथें त्यांना काकाच म्हणतों.

त्या वर्षीं गाडी तेल खाऊं लागली. हा शब्दप्रयोग गॅरेजांतला आहे. मिस्त्री ‘तेल खाते’ असें म्हणतो तेव्हां त्यांत निंदा नसते. जनावर किती वैरण खातें हें सांगावें तसें तो सांगत असतो. पण ‘खाणें’ या क्रियापदाचा दुसरा एक अर्थ आपणां सर्वांस चांगला परिचयाचा आहे, आणि माझ्या मनानें उचलला तो नेमका तोच.

हकीकत अशी कीं, मी गाडी चालवीत असतांना तेलाची पातळी हलत नसे. दर रविवारीं सकाळीं, इंजिन थंड असतांना, सपाट फरशीवर मी डिपस्टिक काढीत असें, पुसून पुन्हां बुडवीत असें, आणि तेलाची रेघ आठवड्यामागून आठवडा वरच्या खुणेच्या आसपासच दिसे. मात्र चिपळूणची एक खेप झाली, कीं काका पेट्रोल पंपावरची पावती पुढें करीत: एक लिटर तेल. पहिल्या खेपेस मीं पैसे दिले. दुसऱ्या खेपेस दिले. तिसऱ्या खेपेस दिले, पण पावती खिशांत न टाकतां टेबलाच्या खणांत ठेवली. ज्या दिवशीं मनुष्य पावत्या जपून ठेवूं लागतो, त्या दिवशीं त्याच्या मनांत खटला उभा राहिलेला असतो.

मीं एकदम निकाल दिला असें मात्र नाहीं. मी रीतसर चौकशीस लागलों. गाडीखालची फरशी पाहिली. ती कोरडी होती. आरशांत मागें पाहत गाडी चालविली. धूर दिसला नाहीं. गाडी मिस्त्रीकडे नेऊन चारी सिलिंडरांचें कम्प्रेशन मोजविलें. चारी आंकडे जवळजवळ सारखे व समाधानकारक निघाले. न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि शेषवताचा एक अर्थ भाष्यकार वात्स्यायनानें ‘परिशेष’ असा दिला आहे. जेवढे पर्याय संभवतात त्यांतून एकेक वगळीत जावें. शेवटीं उरेल तो खरा. मीं गळती वगळली, जळणें वगळलें, रिंगांची झीज वगळली. उरला तो मनुष्याचा हात.

परिशेषाच्या अनुमानांत दोन ठिकाणीं ठेंच लागते, हें मी दरवर्षीं विद्यार्थ्यांस सांगत असें. एक, संभाव्य कारणांची यादीच अपुरी असूं शकते. दुसरें, ज्या पर्यायाला आपण वगळलें असें म्हणतों तो खरोखर वगळला गेलेला नसतो. माझ्या बाबतींत या दोन्ही ठेंचा एकाच वेळीं लागल्या. तें कसें हें समजण्यास इंजिनाच्या पोटांत थोडें डोकावलें पाहिजे.

पिस्टनच्या अंगावर साधारणतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन ज्वलनाचा दाब खालीं निसटूं देत नाहींत. तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल खरवडून खालच्या चेंबरांत परत धाडते. पण ती सर्वच तेल खरवडीत नाहीं. तिनें तसें केलें, तर वरच्या रिंगा कोरड्या भिंतीवर घांसून थोड्याच दिवसांत निकामी होतील. म्हणून डोळ्यांस न दिसणारा एक पापुद्रा भिंतीवर राहूं दिलेला असतो, आणि त्याचा कांहीं अंश ज्वलनाबरोबर जळून जातो. तेल मुळींच न जाळणारें असें इंजिन नसतेंच. प्रश्न असतो तो किती जाळावें एवढाच, आणि त्याचें उत्तर देतांना कारखानदार चांगलेच सढळ असतात. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत तेल गेल्यास चिंता करूं नये, असें नव्या गाड्यांच्या पुस्तिकांतहि छापलेलें आढळतें. तेलाला जाण्यास दुसरी वाट वरून असते. व्हॉल्व्हच्या दांड्या हेडमधल्या ज्या नळ्यांतून वरखालीं होतात त्यांना गाइड म्हणतात. त्या झिजून सैल झाल्या, किंवा जेथें दांड्यांना रबरी सीलें असतात तेथें तीं कडक होऊन तडकलीं, म्हणजे वरचें तेल दांडीच्या कडेनें ओघळून आंत शिरतें. ब्रीदरची नळी तुंबली तर पोटांतला वायु तेलाला बरोबर घेऊन वाट फुटेल तिकडे निघतो. शिवाय गॅस्केटें आहेत, क्रँकशाफ्टच्या टोकांचीं सीलें आहेत. एवढ्या वाटा असतांना मीं तीन पाहून शोध संपविला.

त्या तिहींचें तरी काय झालें? फरशी कोरडी होती खरी. पण कांहीं गळत्या इंजिन चालू असतांनाच होतात. तेव्हां तेल तापून पातळ झालेलें असतें, त्याला पंपाचा दाब असतो, आणि जें बाहेर येतें तें वाऱ्यानें गाडीच्या पोटाखालीं पसरून धुळींत मिसळून जातें. उभ्या गाडीखालीं थेंबहि पडत नाहीं. कम्प्रेशनचे आंकडे चांगले निघाले खरे. पण ती परीक्षा वरच्या दोन रिंगांची आणि व्हॉल्व्हच्या बैठकींची आहे. तेल खरवडणारी तिसरी रिंग काजळीनें आपल्या खांचेंत चिकटून बसली असली, किंवा गाइडा ढिल्या झाल्या असल्या, तरी आंकडे उत्तम येऊं शकतात. आणि धूर? त्याचें गणित मीं पुढें मांडलें, आधीं मांडावयास पाहिजे होतें. हजार किलोमीटरला एक लिटर तेल म्हणजे, एका थेंबाला एक मिलिलिटरचा विसावा हिस्सा धरला तर, वीस हजार थेंब. म्हणजे पन्नास मीटरला एक थेंब. ताशीं पन्नास किलोमीटरच्या वेगानें जाणाऱ्या गाडींत हा थेंब जळण्यास साडेतीन सेकंदांहून किंचित् अधिक वेळ मिळतो, आणि तेवढ्या वेळांत, इंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर, चार सिलिंडरांत मिळून दोनशें चाळीसच्या आसपास स्फोट होतात. एका थेंबाचे दोनशें चाळीस वांटे करून जाळले, आणि ते वाऱ्यावर सोडून आपण पुढें निघून गेलों, तर छोट्याशा आरशांत काय दिसणार?

धूर दिसला नाहीं म्हणून धूर नाहीं, हा तर्क आमच्या शास्त्रानें फार पूर्वींच तपासून ठेवला आहे. भाट्ट मीमांसक व वेदान्ती ‘अनुपलब्धि’ हें स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक तें मानीत नाहींत; पण एका गोष्टीविषयीं त्यांचें एकमत आहे. न दिसण्यावरून नसणें सिद्ध व्हावयाचें असेल तर ती वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति पाहिजे. भरदिवसा टेबलावर घडा दिसत नाहीं, तर घडा नाहीं. अंधारांत दिसत नाहीं, तर कांहींच सिद्ध होत नाहीं. मीं अंधारांत पाहून घडा नसल्याचा दाखला दिला.

अन्वय-व्यतिरेकाची गत याहून वाईट झाली. काका चालवितात तेव्हां तेल जातें. मी चालवितों तेव्हां जात नाहीं. याहून स्वच्छ पुरावा कोणता? परंतु ‘जेथें जेथें अग्नि तेथें तेथें धूर’ ही व्याप्ति खोटी आहे, हें तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीहि जाणतो. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सर्पणामुळें. अग्नीच्या आडून काम करणाऱ्या या अटीला ‘उपाधि’ म्हणतात. आमच्या गाडीच्या बाबतींत काका हे अग्नि होते, आणि उपाधि होता कुंभार्ली घाट.

कऱ्हाडकडून चिपळुणास उतरतांना हा घाट लागतो. उतारावर शहाणा चालक काय करतो? तो गाडी न्यूट्रलवर सोडीत नाहीं, ब्रेकवर पाय ठेवून ब्रेक तापवीत नाहीं. खालचा गिअर घालतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि इंजिनालाच गाडी आवरूं देतो. अशा वेळीं कार्ब्युरेटरचें दार मिटलेलें असतें आणि पिस्टन तर वेगानें हवा ओढूं पाहत असतात. त्यामुळें आंत येणाऱ्या हवेच्या मार्गांत मोठी पोकळी निर्माण होते. गाइडा झिजलेल्या असल्या, तर ती पोकळी वरचें तेल दांडीच्या कडेनें शोषून घेते. उतार संपून पुन्हां ॲक्सिलरेटर दाबला, कीं सांचलेलें तेल एकदम जळून निळा धूर निघतो. म्हणजे माझ्या म्हाताऱ्या आईला सुखरूप खालीं उतरविण्यासाठीं जी खबरदारी घेतली जात होती, तीच तेल जाळीत होती. मी मंडईच्या रस्त्यावर असली खबरदारी कधीं घेणार?

दुसरा एक खुलासा मिस्त्रीनें नंतर केला. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं. रोज सकाळीं चोक ओढून गाडी सुरू केली, कीं न जळलेलें थोडें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलांत मिसळतें. थोडें पाणीहि जमतें. म्हणजे एकीकडून तेल कमी होत असतें आणि दुसरीकडून त्यांत भर पडत असते, आणि रविवारच्या डिपस्टिकवर रेघ तेथल्या तेथें दिसते. पुढें लांबचा प्रवास घडला, तेल खरें तापलें, कीं ही भर वाफ होऊन उडून जाते आणि महिन्याभराची तूट एका दिवसांत उघडी पडते. काकांच्या खेपेनंतर जें दिसे त्यांतली कांहीं तूट माझ्याच फेऱ्यांतली होती.

या सर्व गोष्टी मला त्या वेळीं ठाऊक नव्हत्या, हा बचाव थोडासा खरा आहे. पण पुरता खरा नाहीं. कारण एक गोष्ट मला सांगण्यांत आली होती. तिसऱ्या खेपेनंतर काका दारांत उभे राहून म्हणाले, “सर, घाट उतरून खालीं ॲक्सिलरेटर दिला, कीं मागं निळा धूर सुटतोय. मागच्या ट्रकवाल्यानं हात करून दाखवलं.” मीं “बरं, पाहूं” म्हटलें. मनांत म्हटलें, पावतीला पुरावा जोडला जात आहे. शब्दप्रमाण शिकवितांना ‘आप्त’ कोणाला म्हणावें हा प्रश्न येतो. वात्स्यायनाचें उत्तर असें आहे कीं, ज्यानें वस्तु प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. आणि हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या तिघांनाहि सारखेंच लागू आहे. हें वाक्य मी वर्गांत थोड्या अभिमानानेंच समजावून देत असें. इतक्या जुन्या काळीं आपल्या शास्त्रकारांनीं साक्ष आणि साक्षीदाराचें कूळ यांची फारकत केली, असें सांगत असें. आणि माझ्या स्वतःच्या दारांत, घाट जाणणारा एकमेव मनुष्य घाटांत काय घडतें तें सांगत असतां, त्याचा पगार मी देतों एवढ्यावरून मीं त्याची साक्ष नाकारली.

चौथ्या खेपेस मीं सापळा लावला. निघण्यापूर्वीं स्वतः तेल वरच्या खुणेपर्यंत भरलें, घरांत ठेवलेला तेलाचा डबा कपाटांत ठेवून कुलूप लावलें, आणि वाटेंत तेल घालूं नका असें बजावलें. गाडी परत आली तेव्हां रेघ खालच्या खुणेवर होती. म्हणजे तेल खरोखरच जात होतें. पावत्या खऱ्या होत्या. येथें खटला निकालांत निघावयास हवा होता. पण संशय हा फार चिवट प्राणी आहे. एका बिळांतून हुसकला तर तो दुसऱ्यांतून डोकें वर काढतो. काका तेलाचे पैसे खात नाहींत हें सिद्ध होतांच माझ्या मनानें आरोप बदलला: ते गाडी वाईट चालवीत असले पाहिजेत, खालच्या गिअरमध्यें इंजिन पिळीत असले पाहिजेत. आरोप बदलला, आरोपी बदलला नाहीं.

गॅरेजांत एक चांगला नियम पाळतात. ज्याची तपासणी स्वस्त तें आधीं पाहावें. हेड उतरविण्यापूर्वीं ब्रीदरची नळी साफ करावी, ब्लॉक खोलण्यापूर्वीं प्लग काढून त्यांवर ओली काजळी आहे का तें पाहावें. नियम निर्दोष आहे. कारण गॅस्केटवर संशय घेतला तर गॅस्केटचें कांहीं जात नाहीं. मीं तो नियम जेथें लागू नाहीं तेथें लावला. इंजिन उघडणें महाग होतें. काकांना काढणें फुकट होतें. आईला यापुढें चिपळुणासच डॉक्टर पाहतील, गाडी फारशी बाहेर निघणार नाहीं, असें सांगून मीं त्यांना निरोप दिला. एका महिन्याचे पैसे अधिक दिले. मनुष्याच्या तोंडावर चोरीचा आरोप न करतां त्याला सभ्यपणें मोकळें केलें, याचें मला त्या रात्रीं समाधानहि वाटलें होतें. पुढच्याच आठवड्यांत आमच्या इमारतींतल्या एका गृहस्थांनीं काकांना आपल्या वडिलांसाठीं ठेवावें का म्हणून विचारलें. मी म्हणालों, “गाडी बरी चालवतात. बाकी तुम्ही पाहून घ्या.” या दोन वाक्यांत खोटें एकहि अक्षर नव्हतें. त्यांनीं काकांना ठेवलें नाहीं.

खरा प्रकार तीन महिन्यांनीं उघडकीस आला, तोहि माझ्या हुशारीनें नव्हे. आईची प्रकृति एकाएकीं बिघडली आणि मला स्वतः गाडी घेऊन जावें लागलें. माझा भाचा आपली गाडी घेऊन मागून येत होता. भीतभीत, दुसऱ्या गिअरवर घाट उतरलों. खालीं सपाटीवर आल्यावर गाडीला वेग दिला, आणि थोड्याच वेळांत भाच्यानें मागून हॉर्न देऊन मला थांबविलें. “मामा, तुमच्या मागं काय पडदा लागला होता! मला रस्ता दिसेना.” मी आरशांत पाहत नव्हतों; पुढच्या वळणाकडे पाहत होतों. काकाहि पुढेंच पाहत असले पाहिजेत. ज्याच्या मागें धूर निघतो त्याला तो दिसत नाहीं, मागून येणाऱ्याला दिसतो.

पुण्यास परतल्यावर मिस्त्रीनें प्रथम थोडें दाट तेल घालून पाहिलें, 20 डब्ल्यू-40 ऐवजीं 20 डब्ल्यू-50. माधवनिदानांत निदानाचीं जीं पांच अंगें सांगितलीं आहेत त्यांत ‘उपशय’ म्हणून एक आहे: रोग ओळखूं येत नसेल तर औषध देऊन काय होतें तें पाहावें. तेल जाण्याचें थोडें कमी झालें, थांबलें नाहीं. (जुनी गाडी विकणारे लोक दाट तेलाचा हा गुण निदानासाठीं नव्हे, तर गिऱ्हाईक येण्याच्या दिवशीं धूर लपविण्यासाठीं वापरतात, असें मिस्त्री हंसत म्हणाला.) मग हेड उतरविलें. आंत येणाऱ्या हवेच्या चारी व्हॉल्व्हच्या मानेवर चिकट काळें किटण बोटभर जाडीचें साचलें होतें, आणि दांडी गाइडांत हातानें हलवितां येत होती. नाना पेठेंतून गाइडा आणल्या, बसविल्या, व्हॉल्व्ह घांसून घेतले. काम दोन दिवसांत झालें.

माझें काम मात्र तेथून सुरू झालें. अन्याय झाला हें कळल्यावर क्षमा मागावी, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. पण मीं आरोप केव्हां केला होता? काकांच्या समजुतीप्रमाणें मीं त्यांना काम नसल्यामुळें काढलें होतें, आणि वर महिन्याचे पैसे दिले होते. आतां जाऊन क्षमा मागावयाची, म्हणजे आधीं त्यांना हें सांगावयाचें कीं, चार महिने मी तुम्हांला चोर समजत होतों. जी जखम त्यांना झालेलीच नाहीं ती आधीं करावयाची, आणि मग तिला मलमपट्टी करावयाची! पत्नीचें मत स्वच्छ होतें. “त्यांना जें ठाऊकच नाहीं तें सांगून त्यांना दुखवायचं, आणि तुम्ही मोकळे व्हायचं. यांत त्यांचं काय भलं आहे?” या प्रश्नाला उत्तर देणें सोपें नाहीं. पापाची कबुली देण्यांत पुष्कळदां पाप करणाराचाच लाभ असतो. ऐकणाराच्या गळ्यांत एक नवें ओझें पडतें. केवळ आपल्या मनाचा भार हलका व्हावा म्हणून दुसऱ्याच्या दारीं जाणें हा दुसरा अन्याय होय, हें मला पटत होतें.

तरी दोन गोष्टी मला स्वस्थ बसूं देईनात. एक, ती जखम झालेलीच नव्हती हें खरें नव्हतें. काकांचें काम गेलें होतें, आणि तें कां गेलें याचें जें कारण त्यांना दिलें होतें तें खोटें होतें. शेजाऱ्यांकडचें काम माझ्या एका वाक्यानें गेलें होतें, आणि तें तर त्यांना ठाऊकहि नव्हतें. आपल्या आयुष्यांत जें घडलें त्याचें खरें कारण कळणें हा प्रत्येकाचा हक्क आहे. तें कारण ऐकून त्याला वाईट वाटेल कीं बरें वाटेल हें ठरविणारा मी कोण? दुसरी गोष्ट अशी कीं, न उच्चारलेल्या आरोपाला मी दया समजत होतों, आणि ती दया नव्हती. उघड आरोप केला असता तर काका म्हणाले असते, ‘चला सर, या माझ्याबरोबर घाटांत.’ आणि तीन महिन्यांनीं जें कळलें तें त्याच दिवशीं कळलें असतें. गप्प बसून मीं त्यांची लाज राखली नव्हती; त्यांचा बचावाचा अधिकार काढून घेतला होता.

प्रथम शेजाऱ्यांकडे गेलों आणि सर्व सांगितलें. त्यांनीं दुसरा मनुष्य ठेवलेला होता. माझें बोलणें त्यांना आठवतहि नव्हतें. मग धनकवडीस काकांच्या घरीं गेलों. ते आतां शाळेची व्हॅन चालवीत होते. चहा झाला. मीं सुरुवात कोठून करावी या विचारांत असतां तेच म्हणाले, “गाडीचं काय झालं सर? गाइडा निघाल्या ना?” मीं होय म्हटलें, आणि मग बाकीचेंहि सांगितलें. बोलतांना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतों.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, तुम्हीं तेलाचा डबा कपाटांत ठेवून कुलूप लावलंत ना, त्या दिवशींच समजलं होतं.”

“मग बोललां कां नाहींत?”

“काय बोलणार? तुम्हीं कांहीं विचारलंच नाहींत. न विचारलेल्याचं उत्तर द्यायला गेलों असतों, तर चोराच्या मनांत चांदणं म्हणालां असतां.”

मी तसें म्हणालों असतों.

पुन्हां आमच्याकडे याल का, असें मीं विचारलें. व्हॅनचें काम बरें चाललें आहे, रविवारचा एक दिवस घरीं मिळतो, नाहीं जमणार, असें ते म्हणाले. निरोप द्यायला मात्र रस्त्यापर्यंत आले. मला इंजिन सुरू करावयास सांगून मागें गेले, धुराच्या नळीमागें तळहात धरून पाहिला, वास घेतला. “आतां किती खाते?” मी म्हणालों, “दोन हजार किलोमीटरला अर्धा लिटर.” “म्हणजे खालची रिंगहि थोडी धरली असणार. असूं दे. तेवढ्यासाठीं इंजिन खोलूं नका.”

तें मीं खोललें नाहीं. 2009 सालीं गाडी विकली, तेव्हां घेणाऱ्यास दर हजार किलोमीटरला तेल पाहण्यास सांगितलें, आणि घाट उतरल्यावर निळा धूर दिसला तर चालविणाऱ्यास बोल लावूं नका, असेंहि सांगितलें. तो जरा चमत्कारिक नजरेनें माझ्याकडे पाहत राहिला, आणि त्यानें किंमत पांचशें रुपयांनीं कमी केली.